लिहून पोट भरायचंय? या चुका टाळा

माझा पहिला पुस्तकभर अनुवाद पानाच्या दरानं ठरला, तोही फोनवर. पान म्हणजे कुठलं पान, हे मी विचारलंच नाही. मी धरलं होतं माझ्या कॉम्प्युटरवरचं, १४ पॉइंटातलं, दीड ओळीचं अंतर सोडलेलं ए-फोर पान. प्रकाशकांनी धरलं मूळ इंग्रजी पुस्तकातलं बारीक टायपाचं गच्च पान. माझी पानं भरली २१२, त्यांच्या हिशेबानं १६०. भांडायला कागद नव्हता. आणि त्यांचं तरी काय चुकलं? पैशांचं बोलताना मलाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

नव्या लेखकाच्या निम्म्या अडचणी या ओशाळेपणातून निघतात. त्यात आपला शब्दही 'मानधन'. नळ दुरुस्त करणाऱ्याला कुणी मानधन देत नाही. तो मजुरी आधी सांगतो आणि मगच पान्हा काढतो. 'मानधनाचं नंतर बघू' असं कुणी म्हणालं, तर किती, कशावर मोजून, काम दिल्यावर किती दिवसांत आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या, एवढं तिथल्या तिथे विचारा. मग घरी येऊन 'फोनवर ठरल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून चार ओळींचा ईमेल टाका. समोरून नुसतं 'हो' आलं तरी पुढे हाताशी काहीतरी असतं.

अनुवादाचा दर शब्दावर ठरवा आणि शब्द मूळ मजकुराचे मोजा. इंग्रजीत 'इन द हाउस' हे तीन शब्द, मराठीत 'घरात' हा एक. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी शब्द मोजून पैसे घेतले तर तेवढ्याच कष्टांचे पैसे कमी होतात.

'सर्व हक्क' ही ओळ न वाचता सही करणं

ही सगळ्यांत महाग चूक. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूनं थोडा झुकलेला आहे. पण कागदावर 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'सर्व माध्यमांत' असं छापलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर त्या झुकण्याचा उपयोग नाही. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओबुक, इतर भाषांतले अनुवाद, सिनेमा-मालिका हे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक छापील पुस्तकच काढणार असेल तर बाकीचे त्याच्याकडे कशाला? तेवढ्या ओळी खोडून परत पाठवा. बरेच जण कुरकुर न करता मान्य करतात, कारण तो मसुदा त्यांनीही कुठून तरी उचललेला असतो.

नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क मात्र साधारणपणे मालकाचा. तिथे हळहळून उपयोग नाही.

स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढत असाल तर खर्चाच्या यादीत 'आयएसबीएन शुल्क' आहे का बघा. भारतात पुस्तकाचा हा ओळख-क्रमांक सरकारी संस्था फुकट देते.

दिवाळी अंकाला गणपतीत कथा पाठवणं

१९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली. एवढी जुनी वहिवाट असूनही नवा लेखक जागा होतो तेव्हा अंकाची पानं लागत आलेली असतात. कथा उन्हाळ्यात पूर्ण करा आणि जून-जुलैत पाठवा. एकच कथा तीन अंकांना पाठवू नका. संपादक एकमेकांना ओळखतात. मजकूर युनिकोडमध्येच द्या, जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरांची वाट लागते.

भाषा कागदी होणं

लेख परत येतोय आणि कारण कळत नाहीये? मजकुरात 'च्या माध्यमातून', 'करण्यात येत आहे', 'उपलब्ध करून देणे' किती वेळा आलंय ते मोजा. परिच्छेदाला दोनपेक्षा जास्त निघाले तर दुखणं सापडलं. माझा उपाय साधा आहे: इंग्रजी परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि त्यात काय होतं ते आईला सांगितल्यासारखं मोठ्यानं बोलायचं. तोंडातून जे येतं ते आधी लिहून घ्यायचं, मूळ मजकुराशी ताडून पाहणं नंतर. संवाद लिहिणाऱ्यांनी तर हे रोज करावं. पहिला खर्डा दोन दिवस न बघता ठेवणं हेही त्यातलंच, पण ते सगळेच सांगतात आणि कुणीच करत नाही.

नोकरी घाईनं सोडणं

२५० रुपयांचं पुस्तक, ५०० प्रतींची आवृत्ती, १० टक्के रॉयल्टी, म्हणजे किमतीतला लेखकाचा वाटा. सगळ्या प्रती खपल्या तर १२,५०० रुपये. एवढा गुणाकार राजीनाम्याआधी करावा. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात होते, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत. घर चालतं ते अनुवाद, जाहिरातलेखन आणि मालिकेच्या एपिसोडवर. पुस्तक त्याच्या बाजूला चालू राहतं. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हवा, कारण या धंद्यात काम आज होतं आणि पैसे तिसऱ्या महिन्यात येतात.

बिल अडकलं तर

आलेली रक्कम थोडी कमी दिसली म्हणून लगेच भांडू नका. बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला आयकर, कापलेला असतो. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.

पैसेच आले नसतील तर २००६चा सूक्ष्म-लघुउद्योगांचा कायदा कामी येतो. अनुवाद किंवा जाहिरातलेखनासारखी सेवा देणारा एकटा माणूसही छोटा उद्योग म्हणून सरकारकडे 'उद्यम' नोंदणी करू शकतो, आणि ती फुकट आहे. मग समोरच्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाहीतर व्याज लागतं आणि तक्रारही करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी. मी स्वतः तक्रारीपर्यंत कधी गेलो नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि '४५ दिवस' असं छापायला लागलो, एवढंच.

आठवण करताना 'सर, जरा पैशांचं बघाल का' असं लिहू नका. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम लिहा आणि 'कोणत्या तारखेला जमा होतील?' असं विचारा. मेसेज संपादकाला जाऊ दे, पण त्याची प्रत हिशेब बघणाऱ्यालाही पाठवा. पैसे तोच सोडतो.