विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शोधनिबंध कसे मिळवावेत (फ्लाय अ‍ॅशचं उदाहरण घेऊन)

एमटेक किंवा पीएचडी करणारा विद्यार्थी ‘या विषयावर पेपरच नाहीत’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा शोधशब्द चुकलेला असतो. नाहीतर ग्रंथालयाची ओळख न दाखवताच तो प्रकाशकाच्या दारात उभा असतो. साहित्य खरोखरच नाही, असं क्वचित घडतं.

उदाहरण म्हणून हा विषय घेऊ: कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातल्या राखेचं (म्हणजे फ्लाय अ‍ॅशचं) जिओपॉलिमर काँक्रीट, म्हणजे सिमेंटऐवजी राख आणि अल्कली वापरून केलेलं काँक्रीट, सल्फेटच्या पाण्यात किती टिकतं? खालचे शोधशब्द देवनागरीत दिले आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचे.

आधी कागदावर

कागदावर तीन रकाने आखा: पदार्थ, कच्चा माल, परिणाम. प्रत्येकाखाली पर्यायी शब्द लिहा. ‘जिओपॉलिमर’ हा शब्द जोसेफ दाविदोविट्स यांनी सत्तरच्या दशकात रूढ केला. त्याआधी कीव्हमध्ये ग्लुखोव्स्की यांनी याच जातीच्या पदार्थांवर काम केलं होतं, पण वेगळ्या नावाने. आजही निम्मी मंडळी ‘अल्कली-अ‍ॅक्टिव्हेटेड’ असंच लिहितात. त्यामुळे पहिल्या रकान्यात दोन्ही शब्द हवेत. दुसऱ्यात ‘फ्लाय अ‍ॅश’, जोडून लिहिलेला ‘फ्लायअ‍ॅश’ आणि ब्रिटिश वळणाचा ‘पल्व्हराइज्ड फ्युएल अ‍ॅश’. तिसऱ्यात ‘सल्फेट’, पण त्याची स्पेलिंग दोन: एक ‘पीएच’ने, एक ‘एफ’ने. मधली अक्षरं काढून तिथे तारांकन (*) टाकलं की दोन्ही सापडतात.

एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडा, रकाने एकमेकांना ‘अँड’ने जोडा आणि प्रत्येक रकान्याला कंस घाला. कंस टाळून चालत नाही, कारण शोधनिबंधांच्या दोन मोठ्या ऑनलाइन सूचींपैकी स्कोपस ‘ऑर’ आधी सोडवतं आणि वेब ऑफ सायन्स ‘अँड’ आधी. कंसाविना तीच ओळ दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल देते, आणि आपलं चुकलंय हे कळतही नाही.

शोध एका ठिकाणी, वाचन दुसऱ्या

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ही फक्त सूची आहे: शीर्षक, सारांश, संदर्भ. पूर्ण पेपर प्रकाशकाकडे असतो. शोध सूचीत घ्या, शीर्षक-सारांश-कीवर्ड एवढ्यावरच ठेवा. स्कोपसमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह ढिलं असतं, त्यात तारांकन चालतं. महिरपी कंस अगदी जसाच्या तसा वाक्प्रयोग शोधतो, तिथे तारांकन चालत नाही. हीच लांबलचक ओळ सायन्सडायरेक्टमध्ये, म्हणजे एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर, चिकटवली तर अडते. तिथे तारांकन चालत नाही आणि एका चौकटीत आठपेक्षा जास्त ‘अँड-ऑर’ घेतले जात नाहीत.

निकाल हजारांत आले तर वर्षाची चाळणी लावू नका. चौथा रकाना जोडा. वर्षाने गाळलं की पायाभूत पेपर आधी गळतात. शे-दोनशेवर आलात की सारांश वाचायला बसा. त्यातले पाच-सहा उत्तम पेपर निवडा आणि त्यांचे संदर्भ पाहा, शिवाय पुढे त्यांना कोणी उद्धृत केलं तेही पाहा. शब्दांनी न सापडलेलं बरंच काही इथे हाती लागतं.

पूर्ण पेपर उघडताना

सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांना २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स मिळतात. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, आयईईई त्यात आहेत. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे आहे. योजना जर्नल्सपुरती आहे. सूची, मानकं, ई-पुस्तकं आपलं ग्रंथालय वेगळी घेतं की नाही, हे ग्रंथपालांना विचारा. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात असाल, तर संलग्न विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची सोय आहे का, हे आधी पाहा.

कॅम्पसच्या नेटवर्कवर पेपर आपोआप उघडतो. घरून उघडताना पैसे मागणारं पान आलं, की ‘अ‍ॅक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन’वर जा, इन्फेड (इन्फ्लिबनेटची सामाईक लॉगिन व्यवस्था) निवडा, संस्था निवडा आणि ग्रंथालयाने दिलेलं लॉगिन टाका. मोबाइलचा डेटा चालू ठेवून कॅम्पसमध्ये बसलात तर प्रकाशकाच्या लेखी तुम्ही बाहेरचेच. ही चूक रोज होते.

स्क्रिप्ट लावून शेकडो पीडीएफ एकदम उतरवू नका. प्रकाशकाची यंत्रणा ते ओळखते आणि अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद करू शकते.

मानकं आणि प्रबंध

अभियांत्रिकीत पेपरइतकंच मानक महत्त्वाचं. भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर नोंदणी करून भारतीय मानकं मोफत उतरवता येतात. इथेही शब्दाचा घोळ आहे: ‘जिओपॉलिमर’ टाकून शोधाल तर आयएस १७४५२:२०२० हातचं जाईल, कारण त्याच्या शीर्षकात ‘अल्कली अ‍ॅक्टिव्हेटेड’ आहे. वर्ष नेहमी तपासा. मिक्स डिझाइनचं (काँक्रीटमधल्या घटकांची प्रमाणं ठरवण्याचं) आयएस १०२६२ हे १९८२, २००९ आणि २०१९ असं तीनदा आलंय. २०१५च्या पेपरातलं मिश्रण २००९च्या आवृत्तीवरचं असणार. सुधारणापत्रकं वेगळी असतात, तीही उतरवा.

शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहातले भारतीय प्रबंध लोक उगाच टाळतात. पेपरात जागेअभावी गाळलेली मिश्रणाची प्रमाणं, कच्ची निरीक्षणं, फसलेले प्रयोग प्रबंधाच्या परिशिष्टात असू शकतात. फाइली प्रकरणवार असतात. आधी साहित्य-आढावा आणि परिशिष्ट उघडा.

नोंदी आणि न मिळालेले पेपर

पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर वापरा आणि पेपर डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) टाकून जोडा. स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफवरून त्याला माहिती नीट ओळखता येत नाही. त्याची ऑनलाइन मोफत जागा ३०० एमबी आहे, ती लवकर भरते. पीडीएफ स्वतःच्या संगणकावर ठेवून फक्त नोंदी सिंक करा. शीर्षकातल्या रासायनिक सूत्रांचे खालचे आकडे सरळ ओळीत येतात, ते हाताने दुरुस्त करावे लागतात.

एवढं करूनही पेपर मिळाला नाही, तर लेखकाच्या संस्थेच्या रिपॉझिटरीत (संस्थेच्या स्वतःच्या ऑनलाइन पेपरसंग्रहात) पाहा, मग पत्रव्यवहाराच्या लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. तेही जमलं नाही तर ग्रंथालयाला आंतरग्रंथालयीन मागणी द्या. मागणीत डीओआय, खंड, अंक, पृष्ठं सगळं लिहा. नुसतं शीर्षक दिलेली मागणी परत येते आणि आठवडा जातो.