जपानच्या इतिहासावरच्या गेमचं भांडण कसं तपासायचं

मी नागपूरला महालात राहते आणि अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. भाचा सामुराईंचे गेम खेळतो आणि मध्येच विचारतो, "मावशी, लोकं काऊन एवढे भांडून राहिले?" 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' मार्च २०२५मध्ये आला, पण त्याच्यावरचं भांडण त्याच्या कितीतरी आधी पेटलं होतं. यासुके नावाच्या आफ्रिकी माणसाला त्यात सामुराई नायक केलंय, ते इतिहासाला धरून आहे का, हा मुख्य वाद. अशा वेळी काय करायचं, ते मी भाच्याला आणि माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते तसंच इथे सांगते.

कोणाचीही बाजू घेण्याआधी वहीत साल आणि ठिकाण लिहा. 'सरंजामी जपान' एवढ्यावर थांबू नका, कारण ११८५पासून १८६८पर्यंतचा सगळा काळ लोक त्यात कोंबतात. हात बसत नसेल तर आधी सीताबर्डीवर सराव करा. नोव्हेंबर १८१७मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज इथे इंग्रजांशी लढली. त्या लढाईच्या चित्रात मागे आगगाडी दिसली तर तुम्ही लगेच हरकत घ्याल, कारण नागपूरला रेल्वे आली ती १८६७ला.

आता 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा गेम घ्या. साल १२७४, जागा त्सुशिमा बेट, प्रसंग मंगोल स्वारीचा. कोमोदाच्या किनाऱ्यावर बेटाचा सरदार सो सुकेकुनी ऐंशीएक स्वार घेऊन लढला आणि पडला, हे खरं. गेमचा नायक जिन साकाई काल्पनिक. नायकाच्या कमरेची काताना तलवार त्या काळची नाही, तेव्हा धार खाली ठेवून लटकवायची ताची तलवार असे. नायक बसून हायकू रचतो, तेही पुढच्या शतकांतलं. तेव्हाचा योद्धा वाका नावाची पाच ओळींची कविता लिहीत असे. मी या दोन्ही गोष्टी सोडून देते. करणाऱ्यांना हे माहीत होतं, त्यांनी ते जाणून ठेवलं आणि त्याने कथेचा अर्थ बदलत नाही.

एक गोष्ट मात्र मी सोडत नाही. अख्खी कथा उभी आहे ती 'सामुराई पाठीमागून वार करत नाही, लपून हल्ला करत नाही' या नियमावर. तो नियम बराचसा सतराव्या शतकापासूनच्या शांततेच्या काळात घडवला गेला. मंगोलांशी प्रत्यक्ष लढलेला ताकेझाकी सुएनागा बघा. लढाईनंतर बक्षीस मिळालं नाही म्हणून तो १२७५मध्ये थेट कामाकुराला, तेव्हाच्या सत्तेच्या ठिकाणी, जाऊन भांडला, आणि पुढे आपल्या पराक्रमाची चित्रगुंडाळी काढून घेतली. ती आजही आहे. १२८१च्या दुसऱ्या स्वारीत सामुराई रात्री छोट्या होड्यांतून मंगोल जहाजांवर तुटून पडले. म्हणून तलवारी-चिलखतांच्या चुका मोजत बसण्याआधी विचारा की त्या काळची माणसं कसा विचार करत होती, हे गेमने बदललं का? मला हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

यासुकेच्या वादात कागद आणि मत वेगळे करा. तो आफ्रिकी माणूस १५७९मध्ये जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) वालिन्यानोबरोबर जपानात आला आणि १५८१मध्ये क्योतोत ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला भेटला. जेझुइट फ्रॉइशची पत्रं आहेत. त्या काळच्या मात्सुदाइरा इएतादा या सामुराईच्या रोजनिशीत यासुकेचं नाव आणि उंची आहे, आपल्या मापात १८८ सेंटिमीटरच्या आसपास. नोबुनागाचं चरित्र 'शिन्चो कोकी', त्याच्या एका हस्तलिखित प्रतीत यासुकेला तनखा, घर आणि छोटी तलवार दिल्याची नोंद आहे. इतर प्रतींत ती नाही. बखरींच्या प्रती ताडून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. जून १५८२मध्ये क्योतोतल्या होन्नोजी देवळात नोबुनागाचा अंत झाला, यासुके त्याच्या मुलाच्या बाजूने लढला, तलवार खाली ठेवली आणि त्याला जेझुइटांकडे पाठवलं गेलं. त्याचा पुढचा ठावठिकाणा कागदात नाही. त्याला दिलेली जहागीर नाही, त्याच्या हाताखालची फौजही नाही. तेव्हा गेममधल्या त्याच्या मोठमोठ्या लढाया कल्पनेच्या आहेत असं खुशाल म्हणा.

पण म्हणणाऱ्याला एक प्रश्न जरूर टाका: त्याच गेमची नाओए पूर्णपणे काल्पनिक आहे, तिचा पुरावा मागितलास का? २०१७च्या 'निओह'चा नायक विल्यम ॲडम्स, १६००मध्ये जपानला पोचलेला इंग्रज खलाशी. त्याला भुतांशी तलवारीने लढवलं, तेव्हा इतका गदारोळ झाला नाही. जो फक्त काळ्या माणसाचेच कागद मागतो त्याला इतिहासाची काळजी नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगावं.

काही तक्रारी खरेखोटेपणाच्या नसतातच. त्या वेगळ्या पानावर लिहा. सेकिगाहाराच्या जुन्या लढाईचा देखावा उभा करणाऱ्या एका मंडळाचा ध्वज 'शॅडोज'च्या कंपनीने चित्रात न विचारता वापरला, त्याबद्दल जुलै २०२४मध्ये माफी मागितली. हिमेजीचं एक खरं देवस्थान गेममध्ये फोडता येत होतं. प्रश्न जपानच्या संसदेत, तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांच्यापर्यंत गेला आणि कंपनीने त्यातल्या वस्तू फुटणार नाहीत अशी दुरुस्ती केली. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात दर्शनाला गेलेल्या नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. हिमेजीच्या त्या देवस्थानात लोक आजही हात जोडतात, म्हणून आधी परवानगी विचारायला हवी होती.

पुढचा सराव 'घोस्ट ऑफ योतेई' या गेमवर करा. वहीत लिहा: १६०३, एझो, म्हणजे आजचं होक्काइदो. त्याच वर्षी तोकुगावा इएयासु शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झाला, पण त्याचं राज्य तिथे पोचलेलं नव्हतं. जपानी वस्ती दक्षिणेच्या टोकाला, बाकी भूमी तिथल्या मूळ रहिवासी ऐनू लोकांची. मग गेममध्ये योतेई डोंगराच्या पायथ्याशी जपानी गावं आणि गढ्या दिसल्या, तर त्या तिथे कोणी, कधी, कोणाच्या जमिनीवर बांधल्या, ते विचारा.