‘फूड ग्रेड’ एवढंच ऐकून बरणी घेऊ नका : घरगुती खाद्यविक्रेत्यांनो, या चुका टाळा

दिवाळीआधी पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पाय ठेवायला जागा नसते. पिशव्या, डबे, बरण्या सगळं तिथे मिळतं आणि कुठेही विचारलं तरी उत्तर एकच : “फूड ग्रेडच आहे, ताई.” लोणची विकायला लागले तेव्हा मीही तेवढ्यावर निर्धास्त होते. मग एकदा लिंबाचं गोड लोणचं पाक गरम असतानाच पारदर्शक बरण्यांत भरलं. सकाळी बघते तर निम्म्या बरण्या कमरेतून आत दबलेल्या.

त्या बरण्या पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकच्या, होत्या आणि मालात काही खोट नव्हती. पण साधं पेट सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं. गरम भरायचंच असेल तर जाड पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, किंवा काच घ्या. नाहीतर लोणचं पूर्ण निवू द्या. तेव्हापासून मी दुकानदाराला तीन गोष्टी विचारते : कुठल्या पदार्थासाठी, किती गरम, किती दिवस?

नियमही हेच विचारतो, आणि हा भाग नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, पॅकेजिंगचे नियम २०१८ सालचे, १ जुलै २०१९ पासून लागू झालेले. प्लास्टिकमधले घटक अन्नात थोडेफार उतरतातच, हे नियमाने गृहीत धरलेलं आहे. त्याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. एकूण मर्यादा आहे किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. बेरियम, कोबाल्ट, जस्त अशा काही घटकांना शिवाय स्वतंत्र मर्यादा आहेत. चाचणी होते आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे. त्यात खरं लोणचं वापरत नाहीत, त्याच्यासारखा वागणारा द्रव वापरतात : पाणीदार पदार्थासाठी शुद्ध पाणी, आंबटासाठी ३ टक्के ॲसिटिक आम्ल, तेलकटासाठी हेप्टेन हे द्रावक. तापमान आणि वेळही वापराप्रमाणे ठरतात. पाणी आणि आम्लाच्या चाचणीत नेहमीच्या हवेत टिकणाऱ्या मालासाठी ४० अंशांवर १० दिवस, गरम भरायच्या मालासाठी ७० अंशांवर २ तास.

म्हणून या चाचणीचा रिपोर्ट नुसता फाइलला लावून ठेवणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. पाण्याने केलेली चाचणी पास झाली, तर ती बरणी पाण्यासाठी ठीक आहे एवढंच कळतं. कैरीच्या लोणच्यात तेल, आम्ल आणि मीठ तिन्ही असतात आणि ते वर्षभर त्याच बरणीत राहतं. तेलात प्लास्टिकमधले कित्येक घटक पाण्यापेक्षा सहज विरघळतात. रिपोर्टवर कुठला द्रव वापरला, किती तापमान आणि किती वेळ ठेवला, हे बोट ठेवून वाचा. अन्नाला थेट लागणाऱ्या पॅकिंगचं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळवण्याची जबाबदारी नियमाने अन्न विकणाऱ्यावर टाकली आहे. “दुकानदाराने सांगितलं होतं” हे उत्तर तिथे चालत नाही.

आता बरणीच्या बुडावरचा त्रिकोण. त्यातला १ ते ७ हा आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो : १ पेट, २ एचडीपीई, ५ पीपी. ५ आकडा दिसला म्हणजे डबा अन्नासाठी सुरक्षित, असं नाही. रंगाच्या बादलीवरही ५ असू शकतो.

पिशवीच्या १२० मायक्रॉन जाडीचंही तसंच. ती अट कचऱ्याच्या नियमातली आहे, कॅरीबॅगसाठीची. तिचा अन्नसुरक्षेशी संबंध नाही. जाड पिशवीत उकळती तर्री ओतली म्हणून ती सुरक्षित होत नाही. मिसळीची तर्री आणि अमृततुल्यचा पार्सल चहा पातळ पिशवीत, वर रबर बांधून, हे पुण्यात रोज दिसतं आणि दर वेळी माझा जीव कासावीस होतो. उष्णता, तेल आणि मऊ पडलेली फिल्म तिथे एकत्र येतात. पीपीचा झाकणाचा डबा थोडा महाग पडतो, तो खर्च गिऱ्हाइकाला सांगून लावा. माझं तरी एकही गिऱ्हाईक त्यावरून तुटलं नाही.

काळ्या किंवा गडद रंगाच्या स्वस्त डब्यांना रिपोर्ट मागितल्याशिवाय हात लावू नका, ते पुनर्वापरित प्लास्टिकचे असू शकतात. पुनर्वापरित प्लास्टिक २०१८च्या मूळ नियमांत अन्नासाठी बंदच होतं. नंतर सवलत मिळाली, पण तीही मान्यता मिळालेल्या प्रक्रियेतून आलेल्या मालाला. भंगारातून वितळवून केलेला डबा त्यात बसत नाही. छापील बाजू अन्नाला लागू देऊ नका, आणि वर्तमानपत्रात वडा बांधणं तर नियमातच मनाई आहे.

नेहमीच्या दोन तक्रारी. लेबल तेलकट होत असेल तर प्लास्टिकला दोष देण्याआधी झाकण बघा : बरणी काठोकाठ भरू नका, तोंड कोरडं पुसा, इंडक्शन सील, म्हणजे तोंडावर चिकटणारा फॉइलचा पडदा, लावा. चिवडा लवकर खवट होत असेल तर साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून ऑक्सिजन आत येतोय. पॉलिथिन ओलावा अडवतं, हवा फारशी नाही. त्याला लॅमिनेटेड, म्हणजे अनेक थर चिकटवलेला, पाऊच लागतो.

नवा माल आला की मी एक बरणी कोमट पाण्याने भरून झाकण लावून रात्रभर ठेवते आणि सकाळी उघडून वास घेते. वास नाही आला म्हणून बरणी पास होत नाही, त्यासाठी रिपोर्टच लागतो. पण वास आला तर अख्खी गोणी त्याच दिवशी परत करते.