अर्काइव्हवर जुने मराठी पुस्तक सापडत नाही? या चुका टाळा

इंटरनेट अर्काइव्ह (archive.org) या मोफत डिजिटल ग्रंथालयात देवनागरीत नाव टाकायचे, शून्य निकाल आले की ‘पुस्तक नाही’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सर्रास होणारी चूक. पुस्तक बहुतेकदा असते. नोंद वेगळ्याच वेशात असते.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या पुस्तके स्कॅन करण्याच्या सरकारी प्रकल्पातून तिथे आलेल्या पुस्तकांची नावे रोमन लिपीत, तीही अजब पद्धतीने लिहिलेली आहेत. दीर्घ आ साठी दोन ए, दीर्घ ई साठी दोन आय, आणि ट-ठ-ड साठी अक्षरानंतर वरचा स्वल्पविराम. ‘मराठी’मधला ठ टी, वरचा स्वल्पविराम, एच (t'h) असा येतो, सरळ स्पेलिंगने तो कसा सापडणार? म्हणून शब्द पूर्ण लिहू नका. ‘इतिहास’ हवा असेल तर आय-टी-आय-एच एवढेच टाइप करून लगेच तारांकन (*) लावा. पुढे एक ए असो की दोन, दोन्ही नोंदी येतात. डावीकडच्या गाळणीत (फिल्टर) भाषा मराठी निवडा. तरीही हाती काही लागले नाही तर गाळणी काढून पाहा, कारण काही मराठी पुस्तकांवर हिंदी किंवा संस्कृतचा शिक्का आहे. लेखकाचे फक्त आडनाव टाकूनही एक फेरी मारावी.

दुसरा घोळ मजकुरातल्या शोधाचा. शोधपेटी मुळात नाव, लेखक, विषय अशी नोंदीतली माहितीच चाळते. आतला मजकूर शोधायचा तर तो पर्याय वेगळा निवडावा लागतो. त्यातही १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘पांच’, ‘गांव’, ‘केलें’ अशी रूपे आहेत. आजचे रूप टाकून शोधलेत तर ती निसटतात, म्हणून दोन्ही रूपे शोधा. आधी पुस्तकाच्या पानावरची ‘फुल टेक्स्ट’ (यंत्राने वाचलेला मजकूर) फाइल मात्र उघडून बघा. आत देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर यंत्राने पाने इंग्रजी समजून वाचली आहेत. तिथे शोधात वेळ घालवू नका, अनुक्रमणिका गाठा.

सालाचीही खातरजमा करा. मुखपृष्ठावरचे ‘शके १८३२’ नोंदीत इसवी सन १८३२ होऊन बसते. शकात ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९), म्हणजे १९१० येते. शोधनिबंधात साल द्यायचे ते शीर्षकपानावर बघून, आवृत्तीसह.

संदर्भ देताना पान क्रमांक पत्त्याच्या पट्टीवरून उचलू नका. तिथे ‘एन’ जोडलेला आकडा स्कॅनच्या पानाचा असतो आणि त्यात मुखपृष्ठ, कोरी पानेही मोजलेली असतात. पानावर छापलेला आकडाच द्या. अनुस्वार पुसट वाटला तर पीडीएफवर विसंबू नका, ती बहुतेकदा दाबून लहान केलेली असते. सगळ्या फाइलींच्या यादीत मूळ प्रतिमांची झिप असेल तर तीच उतरवा. मोठी असते, वायफायवर घ्या.

आणि तिथे आहे म्हणजे छापायला मोकळे, असे नव्हे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे लेखनहक्क (कॉपीराइट) राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. नव्या संपादकाच्या प्रस्तावनेचा आणि टिपांचा हिशोब मात्र वेगळा.