दाराचं माप फोनवर घेऊ नका: वृद्ध आणि अपंगांसाठी साधनं करताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे यायला लागतात. काठीला सेन्सर बसवलेला असतो, ॲप तयार असतं, रिपोर्ट अर्धा लिहून झालेला असतो. आता अभिप्राय द्यायला चार अंध माणसं तेवढी हवी असतात, तीही शनिवारच्या आत. मुलं हुशार असतात, मनापासून आलेली असतात, म्हणूनच मला जास्त त्रास होतो. ज्याच्या हातात काठी जाणार त्याला सगळं ठरल्यावर विचारलं तर तो "छान आहे" यापलीकडे काय म्हणणार? एवढ्या लांबून आलेल्या पोरांचं मन कोण मोडेल?

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. घरोघरी जाऊन खुर्च्या, काठ्या, कठडे बसवून देते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे लिहायला बसले.

घर न बघता माप घेणं, आणि सुनेला न विचारणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे. साताऱ्याकडच्या एका गावात आजोबांना अर्धांगवायू झाला होता, उजवी बाजू गेलेली. त्यांना मोरीपर्यंत नेता येईल अशी चाकांची कमोड खुर्ची हवी होती. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने घरी फोन करून दाराचं माप मागवलं, सव्वीस इंच. मी चोवीस इंची खुर्ची करून घेतली. नेऊन बघते तर दार पूर्ण उघडतच नव्हतं, मागे पाण्याचं पिंप. दाराच्या फळीनेच दीड इंच खाल्लेला, वर कडी बाहेर आलेली. खुर्ची दारात अडकली. आजोबा तिच्यात बसलेले, अंगावर एक टॉवेल, आणि शेजारची दोन माणसं मदतीला धावून आली. आजोबांनी मान खाली घातली ती मी निघेपर्यंत वर केली नाही.

दार काढून पडदा लावला, उंबरठ्याला लाकडी उतार केला. मला वाटलं, झालं काम.

तीन आठवड्यांनी गेले तर सुनेच्या मनगटाला क्रेप बँडेज. खुर्चीचं भांडं मागून ओढून काढायचं होतं, आणि मोरीत खुर्ची लावली की मागे भिंत. म्हणून ती रोज सासरे बसलेले असतानाच ब्रेक सोडून ओल्या फरशीवर खुर्ची पुढे ओढायची आणि मग भांडं काढायची. पहिल्या भेटीत मी, मुलगा आणि आजोबा दोन तास बोललो होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने चहा आणून दिला. तिला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. या वेळी ती कपडे धूत होती तिथे जाऊन बसले. "ताई, भांडं उजवीकडून निघालं असतं तर मला ओढाओढ पडली नसती," ती म्हणाली. उत्तर तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. फॅब्रिकेटरने भांड्याचे रूळ दीड तासात वळवून दिले.

तेव्हापासून एक सकाळ त्या घरात काढल्याशिवाय मी चित्र काढायला घेत नाही. सहा ते नऊ. घरातली खरी ओढाताण त्याच वेळात असते आणि अकराच्या भेटीत त्यातलं काही दिसत नाही. सोबत खुर्चीच्या रुंदीएवढा पुठ्ठा कापून नेते आणि पलंगापासून मोरीपर्यंत सरकवून बघते. माणूस स्वतः चाक फिरवणार असेल तर दोन्ही बाजूंना बोटांची जागा सोडते, नाहीतर चौकटीवर सालटी निघतात.

आणि साधन वापरणारा आणि त्याचं करणारा, दोघांशी वेगवेगळं बोला. मुलासमोर आई "मला काही त्रास नाही" म्हणते, सासऱ्यांसमोर सून गप्प बसते. उलटंही होतं. "त्यांना काय विचारता, मी सांगते ना," असं कुणी म्हणालं की ज्याच्यासाठी साधन आहे त्याच्याकडे मी माझी खुर्ची वळवते आणि थांबते. बोलायला वेळ लागतो, हाताच्या खुणेने हो-नाही करावं लागतं. घाई असलेल्याने या कामात पडू नये.

आपल्या कानाने ऐकून पसंत केलेला बझर

गोळ्यांची आठवण करून देणारे डबे दर वर्षी दोन-तीन तरी बघते. त्यातला छोटा पिझो बझर, म्हणजे बारीक टीं-टीं करणारा भोंगा, बहुतेक वेळा तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास वाजतो (हर्ट्झचा आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक). वय वाढलं की आधी हेच बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. वीस वर्षांच्या मुलाला लॅबमध्ये तो कर्कश वाटतो. एका आजींच्या घरी तो वाजत होता, नातू अंगणातून धावत आला आणि आजी डब्याशेजारी शांतपणे शेंगा सोलत होत्या. मुलांनी आवाज अजून मोठा केला. घरातले वैतागले, आजींना तरीही ऐकू येईना. आवाज जाड करा, पाचशे ते हजार हर्ट्झमध्ये आणा, सोबत दिवा लावा. खरं तर मी आधी गोळ्या चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवून बघते. बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतं.

आणखी काही गोष्टी थोडक्यात.

अंधत्व समजून घ्यायला आपणच डोळ्याला पट्टी बांधून अर्धा तास चालणं: पट्टीने फक्त भीती कळते. तीस वर्षं दृष्टीविना रस्ता ओलांडणारा माणूस काय वापरतो, ते त्याच्यासोबत चालूनच कळतं.

टचस्क्रीन: म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, स्पर्श लागत नाही, हात थरथरत असेल तर एकदा दाबलेलं दोनदा लागतं. ठळक, खटका जाणवणारं बटण द्या.

काठी: हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत, रोजची चप्पल घालून मोजलेली, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

रॅम्प: एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी. जागा नाही म्हणून चार फुटांत बसवलेला रॅम्प ही घसरगुंडी आहे, तो करूच नका.

दिसण्याकडे दुर्लक्ष

कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते आणि नकळत जखमा होतात. त्यासाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आल्या. त्या पायाला चांगल्या होत्या, पण त्या वेगळ्या दिसायच्या, घातल्या की गावाला आजार कळायचा. म्हणून अनेकांनी जखमा पत्करल्या, चपला नाही घातल्या. साधन कसं दिसतं हे विचारणं म्हणजे नखरे पुरवणं नाही.

याच्या उलट जयपूर फूट हे कृत्रिम पाऊल बघा. १९६८ साली ते घडवणारे रामचंद्र शर्मा कारागीर होते, सोबत डॉ. पी. के. सेठी. परदेशी पाऊल बुटासाठी आणि खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेलं होतं. इथल्या माणसाला उकिडवं बसायचं होतं, मांडी घालायची होती, अनवाणी चिखलात उतरायचं होतं. ते या पावलाने जमलं.

देऊन मोकळं होणं

१९९३ साली अमेरिकेत २२७ अपंग व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची सुमारे २९ टक्के साधनं वापराविना टाकून दिलेली निघाली. कारणांत वापरणाऱ्याचं मत न घेणं होतं, साधन फार सहज मिळणं होतं, आणि पुढे गरज बदलणंही होतं. शिबिरांत रांग लावून एकाच मापाच्या खुर्च्या वाटताना पाहते तेव्हा मला हे आठवतं. मी तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात परत जातेच. आधी पकड झिजलीय का, काठीच्या टोकाचा रबरी बूट घासलाय का, की सगळ्यावर धूळ बसलीय, एवढं बघते. मग बोलते.

साताऱ्याच्या त्या घरी तिसऱ्या महिन्यात गेले तेव्हा खुर्चीच्या दोन्ही हातांवर सुनेने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. थंडीत पहाटे लोखंड गार लागतं आणि आजोबा हात काढून घेतात, म्हणाली. पट्ट्या मोरीत भिजायच्या, म्हणून ती दोन जोड वाळवून आलटून-पालटून लावायची. पुढची खुर्ची करून घेताना मी हातांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवून घेतले, आणि तिच्यासाठीही एक जोडी पाठवली.