बीपी-शुगरच्या गोळ्या घेताय? मेडिकलच्या काउंटरवर या चुका टाळा

मिरजेत डॉक्टरांना दाखवायचं आणि पुढच्या गोळ्या तासगावला नाहीतर जतला घ्यायच्या, ही आपल्याकडची नेहमीची रीत. काउंटरमागं उभी असते म्हणून सांगते, घोळ इथूनच सुरू होतो. चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव, गावात मिळते दुसऱ्या कंपनीची गोळी आणि घरात जुनी स्ट्रिप शिल्लक. दोन्ही वेगळ्या समजून माणूस दोन्ही खातो, आत मात्र टेल्मिसार्टन हे बीपीचं एकच औषध. मग चक्कर आली की दोष उन्हाला. येताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा. बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम आमच्याकडून पेनानं गोल करून घ्या.

इन्सुलिनमधली चूक याहून महागात पडते. बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० चं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पण १०० चंही मिळतं. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. नातवानं चुकून केशरी नेली आणि ४० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर आजीला मिळतात फक्त ८ युनिट. शुगर उतरत नाही, डोस मात्र वाढत जातो. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं, तर ५० युनिट जातात. जिवावरचा खेळ आहे हा. बाटली दाखवल्याशिवाय सिरिंज मागूच नका.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलं. मे महिन्यात एसटीनं नेताना बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बाटली टॉवेलात गुंडाळून. बर्फाला टेकू देऊ नका.

बागेत राबून गुडघे धरले की 'दुखायची एक द्या' म्हणतात. बीपीची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी चढतं, किडनीवरही ताण येतो. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे तर रोजचेच. अहो, ते गोळीमुळंच नॉर्मल आलंय!

पाय सुजले की 'लघवीची गोळी द्या' म्हणून येतात. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी चालू असेल तर ती सूज त्याचीही असू शकते. मी गोळी देत नाही, चिठ्ठीमागं तसं लिहून डॉक्टरांकडं परत पाठवते. काही जण रागावून शेजारच्या मेडिकलात जातात, ते वेगळं.