आधी केटल, मग तोडणी : हॉप्स महोत्सवात पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

मॅश, म्हणजे भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवणं, कसा लावायचा, उकळी किती वेळ ठेवायची, हे तुम्हाला येतंच. महोत्सवाच्या दिवशी शेतावरच्या ब्रुअरीत नवखा माणूस फसतो तो तोडलेल्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीवरच्या फुलांच्या, ढिगाशी.

सकाळी पाहुणे हौसेनं तोडायला लागतात, गोण्या भरतात, आणि इकडे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) अजून भरडलेलंही नसतं. वेलीवरून उतरलेल्या फुलाचं श्वसन चालूच राहतं आणि त्यातून उष्णता निघते. ओल्या हॉप्सच्या वजनात 75 ते 80 टक्के पाणी असतं. असा माल प्लास्टिकच्या गोणीत दाबून भरला की आतून तापतो. वरची फुलं हिरवीगार दिसतात, म्हणून बघून कळत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत कोमट लागलं तर लगेच पसरा. कुजलेल्या गवताचा वास येत असेल तर तो माल फेकाच. जीव तुटतो, पण केटलमध्ये, म्हणजे उकळायच्या भांड्यात, टाकलात तर बिअरही जाईल. गोणी नकोच. जाळीचे क्रेट, वीतभर थर आणि सावली.

वेळेचं गणित उलटं मांडा. मॅशला तास, वॉर्ट (मॅशमधून निघणारा गोड रस) गाळायला दीड तास, तापवून उकळी आणायला वेळ, मग तासभर उकळणं. उकळी फुटली की तोडणी सुरू करा, त्याआधी नाही. 500 लिटरच्या बॅचला शेवटी 2 किलो वाळलेले हॉप्स लागत असतील, तर ओले साधारण पाचपट, म्हणजे 10 किलो. नवख्या हातांनी माणशी तासाला किलोभर निघाला तरी पुष्कळ, तेव्हा दहा-बारा जण बसवा. या 10 किलोंतून सुमारे 8 लिटर पाणी येतं, केटलमध्ये तेवढी जागा ठेवा. आदल्या रात्रीच तोडून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ताज्या हॉप्सची बिअर म्हणून पाहुण्यांना बोलवायचं आणि शिळा माल टाकायचा, हे मला पटत नाही.

कडवटपणासाठी मात्र मोजलेल्या अल्फाची (कडवटपणा देणाऱ्या आम्लांची) पेलेटच, म्हणजे हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्याच, वापरा. ओल्या फुलांची अल्फा तपासलेली नसते, अंदाजावर बॅच लावू नका. ओली फुलं आच बंद केल्यावर, जाळीच्या पिशव्यांत अर्ध्याहून कमी भरून टाका आणि पिशवी केटलच्या काठाला बांधा. सुटी टाकलीत तर पाकळ्या पंपात आणि वॉर्ट थंड करणाऱ्या प्लेट चिलरमध्ये अडकतात. पिशवी काढताना ती गरम वॉर्टनं जड झालेली असते, एकट्यानं उचलू नका.

फूल तयार झालंय का, हे ओळखायला घाबरू नका, दोन दिवसांत हात बसतो. दाबून सोडलं की कागदासारखं कुरकुरतं आणि परत फुलतं. उभं चिरलं तर आत गडद पिवळी लुपुलिनची, म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी, भुकटी दिसते. लसणासारखा वास म्हणजे उशीर झाला. वेल कापताना खालचा हात-दीड हात भाग राहू द्या, मुळांना त्यातून अन्न मिळतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. वेलीवरच्या आकड्यांसारख्या केसांनी हात सोलवटतात आणि आठवडाभर चुरचुरतात.

महोत्सवाला लोक कुत्री घेऊन येतात. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत, अंगाचा ताप भयंकर वाढून ती दगावू शकतात. उकळून निघालेला चोथाही तितकाच घातक, आणि वॉर्टच्या गोडीमुळे कुत्री तो आवडीनं खातात. तो लगेच झाकणाच्या पिंपात भरा.